वरंब्यावरचा रंग

"भेगांना मलम लिहून दे आणि सोड मला," टेबलावर पाय पसरत ताई म्हणाली. "तुझ्या दवाखान्यात आलं की धडधाकट माणूसही आजारी वाटायला लागतं."

धाकटी हसली. ती त्वचेची डॉक्टर. पण शाळेत कवायत शिकवणाऱ्या ताईने आजवर तिच्याकडून साधी गोळीही घेतली नव्हती. टाच बघता बघता तिची नजर चवड्याखालच्या काळ्या डागावर थांबली.

"हा कधीपासून?"

"बुटाचा रंग लागलाय. किती घासला, जात नाही मेला."

धाकटीने डागावर तेलाचा थेंब सोडला, डर्मोस्कोप टेकवला आणि भिंगाला डोळा लावला. त्याच्या उजेडात तळपायाच्या रेघा सऱ्या पाडलेल्या रानासारख्या दिसू लागल्या. साध्या तिळाचा रंग सरीत उतरतो. हा वरंब्यांवर चढला होता, आणि एका कडेला रेघाच मोडून सगळं काळंनिळं झालं होतं. तिने काच पुसली. पुन्हा पाहिलं. तेच.

"आटप गं, गुदगुल्या होतायत."

"जरा आडवी हो."

तळपायातलं दुखणं पसरलं तर आधी जांघेत दिसतं. तिने ताईची जांघ चाचपली. सुपारीएवढी गाठ हाताला लागली. टणक, जागची न हलणारी.

"ती जुनीच आहे. दुखत नाही, म्हणून बोलले नाही."

दुखत नाही, असं म्हणत आलेल्या कितीतरी जणांना धाकटीने मोठ्या इस्पितळात पाठवलं होतं. त्यातलं कुणी परत भेटायला आलं नव्हतं.

ताई उठून बसली. धाकटीच्या चेहऱ्याकडे बघत राहिली.

"कॅन्सर?"

'तपासल्याशिवाय सांगता येत नाही' हे वाक्य धाकटी रोज बोलायची. आज तिने एका हाताने ताईचा पाय घट्ट धरला. डर्मोस्कोपचा दिवा हातात तसाच जळत होता. ताईने तो काढून घेतला, बटण शोधून बंद केला. मग मोजे चढवले, बुटांच्या नाड्या घट्ट बांधल्या आणि तळहाताने धाकटीचे गाल पुसले.

"तोंड धुऊन ये. बाहेर माणसं खोळंबलीत."

तिने स्वतःच दार उघडलं. बाकावर पहिला बसलेला म्हातारा हातावरचा डाग झाकून धडपडत उठला.

"सावकाश या आजोबा," ती म्हणाली. "तुमचं काही नसेल."