अपोलेना मावशीला कळलेलं प्रवचन

जर्मनीशी चाललेली लढाई संपेपर्यंत अमेरिकेतल्या आमच्या आयोवात चर्चमध्येसुद्धा इंग्रजीच बोलायचं, असा गव्हर्नरचा हुकूम निघाला. ऑस्ट्रियात जर्मन भाषा डोक्यावर बसली म्हणून पळून आलेल्या आमच्या चेक म्हाताऱ्यांनी हे चर्च बांधलं होतं, स्वतः विटा भाजून. त्यात पहिलं इंग्रजी प्रवचन झालं ते अपोलेना मावशीच्या बोहुमिलसाठी. पोरगा अमेरिकेकडूनच लढताना फ्रान्समध्ये मेला होता.

"देवाला तरी येतं का गं इंग्रजी?" मावशीनं दारातच मला विचारलं.

"हुकूम निघाल्यावर शिकला असेल, मावशी. न शिकून सांगतो कुणाला?"

फादर कागदावरून अडखळत वाचू लागले. मावशीला त्यातलं 'बोहुमिल' तेवढं कळायचं. नाव आलं की ती दचकून मान वर करायची.

"काय म्हणाले? माझ्या पोराला काय म्हणाले?"

मला कळलं तेवढं सांगायला मी तिच्या कानाशी लागले, तोच दाराशी पहाऱ्याला ठेवलेला शिपाई खेकसला, "इंग्रजीत!" मी मागे सरले.

मग मावशी सरळ वेदीकडे पाठ करून बसली आणि शिपायाच्या तोंडाकडे बघू लागली. अख्ख्या चर्चमध्ये प्रवचन नीट कळत होतं ते त्या एकट्याला. आधी त्याची मान खाली गेली. मग ओठ थरथरले. शेवटी त्यानं टोपी काढली आणि तो चक्क रडू लागला.

मावशीचा चेहरा उजळला. माझा हात दाबून ती म्हणाली, "चांगलं बोलले गं फादर!"

शिपाई डोळे पुसत पुढे आला आणि दंडाला धरून त्यानं तिला चर्चबाहेर काढलं. ती चेक बोलली होती.