भरलेली गाडी

“गुरुवारी साहेब येतोय. लोड बघायचाय म्हणे,” तिकीटखिडकीतून स्टेशनमास्तर हळूच म्हणाले. “मग ठरणार, गाडी ठेवायची की बंद करायची.”

टेलरवहिनींच्या हातातलं तिकीट तिथेच चुरगळलं.

“म्हणजे माणसं मोजणार?”

“वरून एवढंच आलंय, वहिनी. मी आपला निरोप्या.”

पुरापासून गाडीचं काही खरं राहिलं नव्हतं. कधी दोन दिवस धावायची, कधी आठवडाभर तोंड दाखवायची नाही. फलकावर एकच वाक्य, ‘तांत्रिक कारणास्तव’, आणि ते कारण कोणी कधी डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. डोंगरापलीकडची लाईन कशी गेली ते मात्र सगळ्यांना ठाऊक होतं. असाच एक साहेब आला, रिकामे डबे पाहिले, आणि पुढे महिन्याभरात रुळांवर गवत उगवलं.

टेलरांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या, तेव्हापासून दुकान वहिनीच चालवत होत्या. एक मशीन घरात, शिलाईचं. दुसरं शहरातल्या इस्पितळात, टेलरांचं रक्त शुद्ध करणारं. आठवड्यातून तीनदा तिथे जावंच लागे. गाडीने तासाभराची वाट. सडक मात्र डोंगराला वळसा घालून जायची, अर्धा दिवस खायची. मागे एकदा गाडी नव्हती म्हणून वहिनींनी त्यांना सडकेने नेलं, तर पोचेपर्यंत त्यांची शुद्ध हरपली होती. हे पुन्हा झेपणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. 

त्याच दुपारी त्या घरोघर फिरल्या. गावात कोणाची कंबर किती वाढली हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं, त्यामुळे त्यांना नाही म्हणायची सहसा कोणाची छाती होत नसे.

“माझं शहरात काय काम?” गिरणीवाला म्हणाला.

“काम नसू दे. पिठाची पोती घेऊन चढा. मालही जातोय असं दिसलं पाहिजे.”

“आणि तिथे कोण घेणार?”

“कोणी नाही घेतलं तर परत आणा. पीठ काय रुसणार आहे?”

शाळेच्या बाईंनी अख्खा वर्ग आणायचं कबूल केलं, सहल म्हणून. पाथरवटाच्या बायकोला जाती, पाटे घेऊन यायला सांगितलं. आजवर गाडीत पाऊल न ठेवलेल्या म्हाताऱ्यासुद्धा तयार झाल्या. त्यांच्या तयारीचं कारण गाडीप्रेम नव्हतं, सुनांना दिवसभर घर सांभाळायला लावायची ही चांगली संधी होती.

गुरुवारी सकाळी फलाटावर मुंगीला शिरायला जागा नव्हती. साहेब आला तो किडकिडीत, चष्मेवाला, हातात एक जड पेटी. तो सरळ इंजिनात जाऊन ड्रायव्हरशेजारी बसला. त्याने डब्यांकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

वहिनींनी टेलरांची बाही ओढली. “बघितलंच नाही हो त्याने.”

“अगं, श्वास घे आधी,” टेलर म्हणाले. “साहेब आहे, वाघ नाही.”

“तुम्हाला थट्टा सुचतेय.”

“मग काय रडू? चढ. जागा जाईल.”

जागा नव्हतीच. एका कोपऱ्यात पोत्यांच्या आधाराने टेलरांना बसवून वहिनी खिडकीला चिकटून उभ्या राहिल्या. सगळ्या गावाला कामाला लावलं खरं, पण डाव फसला तर या माणसाला कसं जगवायचं, हा एकच विचार डोक्यातून जात नव्हता.

नदीवरच्या पुलाशी गाडी थांबली. साहेब पेटी घेऊन उतरला आणि उतारावरून पाण्याच्या दिशेने निघाला.

“बाहेरून बघणार हा,” वहिनी म्हणाल्या. “वस्ताद आहे. चला, सगळे या बाजूला या. खिडकीत, दारात. डबा भरलेला दिसला पाहिजे.”

सगळा डबा एका बाजूला लोटला. पोरं खिदळली, पोती सरकली. गाडी गोगलगायीच्या चालीने पुलावरून निघाली. वहिनी वाकून बघत होत्या, पण खाली साहेब कुठे दिसेना. मधेच कुठेतरी काहीतरी करकरलं.

“माझे गुडघे,” गिरणीवाला म्हणाला, आणि सगळे हसले.

पलीकडच्या तीराला गाडी पुन्हा थांबली. बऱ्याच वेळाने साहेब चढ चढून वर आला. पँट गुडघ्यापर्यंत भिजली होती. तो थेट वहिनींच्या डब्याच्या दाराशी येऊन उभा राहिला आणि पहिल्यांदाच त्याने आत नीट नजर फिरवली.

“रोज एवढी माणसं असतात?”

वहिनींनी पदर सावरला. आयुष्यात त्या ‘परवा देते शिवून’ याखेरीज खोटं असं कधी बोलल्या नव्हत्या.

“रोज, साहेब. आज उलट कमीच आहेत.”

“आणि हे पीठ, ही जाती?”

“रोजचंच. विचारा गिरणीवाल्यांना.”

गिरणीवाल्याने गंभीरपणे मान डोलावली. शाळेच्या बाईंनीही डोलावली, आणि मग वर्गाने.

साहेबाने चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसला. माणूस हेलावलाय, वहिनींच्या मनात आलं. त्यांनी टेलरांचा हात घट्ट धरला. किती दिवसांनी छातीवरचा दगड उतरल्यासारखं वाटलं त्यांना, डोळे भरून आले.

“मास्तर तर फोनवर म्हणाले होते, जेमतेम डबाभर माणसं असतात,” साहेब म्हणाला. “तेवढीच असती, तर पुलाचे खांब अजून दोन-तीन वर्षं सहज टिकले असते. आज एवढ्या भाराने त्यांना तडे गेलेत. आता मी या पुलावरून रिकामी गाडीसुद्धा सोडू शकत नाही. संध्याकाळी तुम्ही सगळे सडकेनेच परत जा.”