हंबरडा

मरणाच्या आदल्या दिवशीही बालाघाटच्या बाजारात सुनंदाबाईंनीच लेकीच्या वतीनं घासाघीस केली. पौर्णिमा सहाव्या महिन्यातच जन्मलेली. नागपूरच्या दवाखान्यात घशात नळी घालून तिला जगवलं होतं. आता पंचविशी उलटली, तरी आवाज घोगरा आणि लांब वाक्याला श्वास पुरत नसे.

दुसऱ्या दिवशी सुनंदाबाईंना अंगणात ठेवलं, तेव्हा राजेगावहून आलेल्या बायांनी गळा काढला. पौर्णिमा उशाशी नुसती धापा टाकत बसली होती.

"मायसाठी एक हंबरडा नाही निघून राह्यला हिच्या तोंडून," शीलाआत्या सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "बुकं वाचून वाचून काळीज दगड झालं."

अशा बोलण्याला आजवर आई उत्तर द्यायची. पौर्णिमानं श्वास गोळा केला आणि इतकी वर्षं गिळलेलं बोलून टाकलं.

"जन्मली तेव्हाही मी रडली नव्हती, आत्या." ती थांबली, पुन्हा श्वास घेतला. "तुम्ही म्हणाल्या, रडत नाही म्हणजे मेलेलीच हाय, पुरून टाका. आईनं छातीले कान लावला, म्हणून मी इथं बसली हाय. आताही रडूनच राह्यली. या, कान लावून पाहा."