लॉनीचा रोजचा फोन

"शनिवारी पर्विसलाच उतरवायला हवं," क्लीट म्हणाला आणि उकडलेल्या शेंगेचं टरफल डब्यात टाकलं. "जॅरेटचा हात कामातून गेलाय. मागच्या सामन्यात तर जिथे कुत्रंसुद्धा नव्हतं तिथे चेंडू फेकला."

"अरे, ज्याच्या पोराबद्दल बोलतोयस तो इथेच खुर्चीत बसलाय," ऑर्विल न्हाव्याने वस्तरा पुसला. "जनाची नाही तर मनाची तरी ठेव."

खुर्चीतला रान्स टॅकेट साबणाच्या फेसातून गुरगुरला. "बोलू दे त्याला. पर्विस राखीवातलं कालचं पोर आहे. समोरून चार धटिंगण अंगावर आले की चेंडू टाकून पळेल. माझा जॅरेट मार खातो, पण जागा सोडत नाही."

जॅरेट हा रान्सचा एकुलता एक मुलगा. लाकडाची गिरणी बंद पडल्यापासून आमच्या गावात अभिमानाने सांगावं असं दुसरं काहीच घडलेलं नाही. कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघात क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा, सगळा खेळ ज्याच्या हातातून सुटतो तो, आमच्या गावचा पोरगा. त्यात या शनिवारी मोठ्या व्यावसायिक संघांची माणसं त्याला बघायला येणार होती. बाकावर बसलेल्या पोराला कोण काय बघणार? आठवडाभर रान्सच्या डोळ्याला डोळा नव्हता.

"मार खातो हे मात्र खरं," क्लीट हसला. "तीन आठवड्यांपूर्वी आपटला तेव्हा आठवतं ना? उठला आणि सरळ समोरच्या संघाच्या घोळक्यात जाऊन उभा राहिला! त्यांनीच हाताला धरून परत पाठवला."

तिघेही पोट धरून हसले. गावात ही गोष्ट शंभरदा सांगून झाली होती, तरी हसू यायचंच.

"दणकट आहे माझं पोर," रान्स म्हणाला. "दोन आठवड्यांपूर्वी फोनवर म्हणत होता, डोकं ठणकतं, उजेड सोसत नाही. मी म्हटलं, डॉक्टरपाशी नाहीतर प्रशिक्षकापाशी तोंड उघडलंस तर घरी येऊ नकोस. चार दिवस कळ काढ. त्यानंतर हूं की चूं नाही."

साडेचार वाजले. ऑर्विलने रेडिओचा आवाज वाढवला. दुपारी हॉलिसचा कार्यक्रम लागला की आमच्याकडे न्हाव्याचा वस्तरासुद्धा थांबतो. लोक फोन करतात, प्रशिक्षकाला अक्कल शिकवतात आणि हॉलिस सगळ्यांना हो म्हणतो.

पहिलाच फोन लॉनीचा. गेले दहा दिवस हा लॉनी रोज फोन करत होता. घोगरा आवाज, तोंडावर फडकं धरून बोलावं तसा.

"साहेब, माझं जरा ऐकून घ्या. टॅकेटला बसवा. त्याला डावांच्या खुणा आठवत नाहीत. त्याला एकाचे दोन चेंडू दिसतात."

"मेल्या, तू काय त्याच्या डोळ्यांत जाऊन बसलायस?" ऑर्विल रेडिओवर खेकसला.

"पर्विसचा काका असणार, दुसरं कोण!" आता क्लीटचंही डोकं फिरलं. घरातल्या पोराला घरातल्यांनी बोलावं, ही उपटसुंभ माणसं कोण? त्याने तिथल्या तिथे फोन लावला आणि जॅरेटची बाजू घेत लॉनीला अशी काही शिवी हासडली की ऑर्विलने कानावर हात ठेवले.

मग तिघे रेडिओकडे कान लावून बसले. बोलणं दहा सेकंद मागून ऐकू येतं, शिवी कापायला सवड मिळावी म्हणून. क्लीटचा आवाज आला, छान आला आणि नेमक्या शिवीच्या जागी टुंई वाजलं.

"सगळा मसाला काढून टाकला लेकाने," क्लीट हळहळला.

पण क्लीट एकटा नव्हता. आठवडाभर अख्खा गाव फोनला चिकटला होता. चर्चमधल्या बायकांनी तर पाळ्या लावल्या होत्या. एकट्या लॉनीचा आवाज त्यात कुठे पुरणार?

पाच वाजायला आले तेव्हा हॉलिसने सगळ्यांना थांबवलं. "मंडळी, प्रशिक्षकांचा आत्ताच निरोप आलाय. तुमच्या भावनांचा मान राखून शनिवारी सुरुवात करणार... जॅरेट टॅकेट!"

क्लीटने शेंगांचा डबा उधळला. ऑर्विलने रान्सला फेसासकट मिठी मारली. रान्सच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं आणि त्याने ते लपवलंही नाही.

"आणि लॉनी पुन्हा लाइनवर आहे," हॉलिस हसत म्हणाला. "काय लॉनी, आता काय म्हणणं?"

"साहेब, नका हो असं करू. प्रशिक्षकांना सांगा. अजून एक दणका बसला तर तो पोरगा उठणार नाही, साहेब..."

"रडतोय बघ कसा!" क्लीटने टाळी वाजवली.

"रडू दे. आधी पोराला आनंदाची बातमी देतो." रान्सने गालावरचा फेस बाहीने पुसला आणि जॅरेटला फोन लावला. बराच वेळ वाजत राहिला. मग उचलला गेला.

"हां, बाबा."

"अरे, शनिवारी तूच!"

रान्स खुर्चीतून अर्धा उठला.

"उभा राहशील ना?"

"हो, बाबा."

"शाब्बास, माझ्या वाघा!"

लॉनीची कटकट बंद करावी म्हणून ऑर्विलने रेडिओच्या बटणाकडे हात नेला. तेवढ्यात दहा सेकंद मागून येणारा तोच घोगरा आवाज म्हणाला, "जरा थांबा हं, साहेब. माझ्या बाबांचा फोन येतोय."