पाच कॅसेटी

“पाचच घ्यायच्या, आबा,” सुप्रिया म्हणाली. “आत्यांच्या खेळात पाचच व्हत्या.”

सोपाननं पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली. त्याच्या बायकोच्या, फुलाबाईच्या सगळ्या कॅसेटी तिच्यात होत्या. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून प्रत्येकीवर तिनं टिकली चिकटवली होती. लाल टिकली म्हणजे गवळणी, हिरवी म्हणजे लावण्या, चंद्रकोर म्हणजे खंडोबाची गाणी. तिला जाऊन नऊ दिवस झाले होते. उद्या दहावा.

गेल्या वर्षी मोबाइलवर कसलासा कार्यक्रम ऐकता ऐकता सुप्रियानं सासूला विचारलं होतं, “निर्जन बेटावर एकटीनं ऱ्हायचं, संगं पाचच कॅसेटी. कुठल्या न्याल?” फुलाबाई दोन दिवस पेटी उपसत बसली. शेवटी वैतागून म्हणाली, “पाचात न्हाय भागायचं, बाई. मी जातच न्हाय.”

आता तिला बेटावरच न्यायचं होतं. तिचं माहेर उजनीच्या पाण्यात गेलं, राहिलं ते डाळज गावाच्या पुढचं एक टेकाड. चहूकडून पाणी, वर पडक्या देवळाचा ओटा आणि चार बाभळी. माझा दहावा तिथंच घाला, असं ती सांगून गेली होती.

“पेटीतच जीव अडकला असंल त्यांचा,” सुप्रिया म्हणाली. “आवडीच्या पाच पिंडापाशी ठिवल्या की कावळा शिवंल. म्हंजी सुटल्या त्या.”

“आन् न्हाय शिवला तर?”

“तर त्या हितंच घरात घुटमळायच्या. नगा असं बोलू, आबा.”

सोपाननं पेटीचं झाकण उघडलं. घर त्याला खायला उठलं होतं. टेप बंद कर म्हणून जन्मभर तो तिच्यावर खेकसला आणि आता त्या शांततेत त्याला घास गिळवत नव्हता.

तो एकेक कॅसेट उजेडाकडं धरून आतलं वेटोळं बघू लागला. फीत तुटली तर नाही ना, हे पाहत असेल, असं सुप्रियाला वाटलं. तिनं हिरव्या टिकलीची पुढं केली.

“ही घ्या. ही तर त्यांची लाडकी.”

“हिच्यात थोडंच हाय. भरलेली दे.”

लाडकी मागं राहिली. सुप्रियाला ते आवडलं नाही, पण म्हातारा एवढा मन लावून निवडतोय हे बघून तिला भरून आलं. मागच्या सुगीला यानंच पेटीतली एक कॅसेट फोडून फीत ज्वारीवर ताणली होती. वाऱ्यात ती अशी गुणगुणली की पाखरू फिरकलं नाही. फुलाबाई मात्र आठवडाभर त्याच्याशी बोलली नव्हती. त्याचीच टोचणी असेल बिचाऱ्याला.

सकाळी सोपान कॅसेटींची पिशवी घेऊन पहिल्या होडीनं पुढं गेला. “जागा झाडून ठिवतो,” म्हणाला. मुलगा संदेश, सुप्रिया आणि गुरुजी मागून पोचले. आभाळ भरून आलेलं होतं. बाभळींच्या मधोमध पिंड मांडले, हात जोडले आणि कावळ्याला वाट द्यायला सगळे पाण्याच्या कडेला येऊन थांबले.

कावळे आले. घिरट्या घातल्या आणि परत फिरले.

“आई, आबाला मी अंतर देणार न्हाय,” संदेश मोठ्यानं म्हणाला. एक कावळा खाली झेपावला आणि मध्येच वळला.

“आत्या, तुमच्या कॅसेटी आणल्यात,” सुप्रिया म्हणाली.

कावळा शिवेना. गुरुजींनी सोपानकडं पाहिलं. “तुम्ही काहीतरी कबूल करा, आबा. त्यांचा जीव तुमच्यातच असेल.”

सोपान पिंडाकडं बघत राहिला.

ऊन नव्हतं, पण वेळ बरीच झाली. शेवटी गुरुजींनी आपल्या झोळीतून दर्भ काढला. “दर्भाचा कावळा करून शिववतो. शास्त्रात चालतं.”

“थांबा की,” सोपान कळवळून म्हणाला. “घाई काय हाय?”

संदेशनं तोंड फिरवून डोळे पुसले. गुरुजी खाली मान घालून दर्भाला गाठ मारू लागले. तेवढ्यात सुप्रियाच्या ध्यानात आलं की कॅसेटी पिंडापाशी ठेवायच्याच राहिल्या.

ती तशीच ओट्याकडं गेली.

“सुप्रिया, ऱ्हाऊ दे!” मागून सोपानची हाक आली.

पण तिनं ओट्यावरची कॅसेटींची पिशवी उघडली होती. पाचही कॅसेटी आत होत्या, टिकल्या जागच्या जागी होत्या. एक उचलली तर हाताला अगदीच हलकी लागली. आत फीतच नव्हती. दुसरीत नव्हती, तिसरीतही नव्हती. वरून काहीतरी गुणगुणत होतं. तिनं मान वर केली. ढग सरकला, ऊन पडलं, आणि या बाभळीपासून त्या बाभळीपर्यंत, पिंडांच्या बरोबर वर, ज्वारीवर ताणतात तशी फुलाबाईची गाणी चमकायला लागली.