फंबल की मफ

वर्नाबाईंनी शाळेच्या अमेरिकन फुटबॉलच्या, म्हणजे चेंडू हातात घेऊन पळायच्या खेळाच्या, सामन्यांची वही उघडून वेंडेलसमोर सरकवली. "वाच. चौतीस वर्षांपूर्वीची फायनल. तुझ्या नावापुढे मी काय लिहिलंय?"

"फंबल," वेंडेल प्रोकॉप म्हणाला. वाचायची गरज नव्हती. टेक्सासातल्या त्या एवढ्याशा गावात त्याचं दुसरं नाव तेच होतं. हातातला चेंडू सोडून त्यानं हातातोंडाशी आलेला घास घालवला, हे पोरासोरांनाही पाठ. लेकीच्या लग्नातसुद्धा कुणीतरी म्हणालंच, "वेंडेल, ताट जपून धर रे."

"चुकलं माझं," बाई म्हणाल्या. चाळीस वर्षं गणित शिकवलं आणि ही वही लिहिली. ऐंशीव्या वर्षी चूक कबूल करणं जिवावरच येतं. "शाळेच्या शंभरीचं पुस्तक छापायला जातंय, म्हणून जुनी फिल्म काढली. पाचदा पाहिली. पकडलेला चेंडू सुटला, तर फंबल. तू पकडलाच नव्हतास. समोरच्या संघानं लाथ मारून उंच उडवलेला चेंडू खाली आला, तुझ्या बोटांना लागला आणि उडाला. त्याला मफ म्हणतात. वारं असलं की कुणाच्याही हातून होतं. आता खोडून मफ लिहिते. मोकळा झालास बघ, बाबा."

त्यांनी पेनाचं टोपण काढलं. वेंडेलचा चेहरा उजळेल असं त्यांना वाटलं होतं.

"बाई, चेंडू घेऊन मी दोन पावलं पळालो होतो."

"नाही रे."

"डावीकडे सगळं मैदान मोकळं होतं. आणि वर प्रेक्षकांत आमचे बाबा उठून उभे राहिले. आयुष्यात एकदाच, माझ्यासाठी."

प्रोकॉप म्हातारा पोराला कधी बरं म्हणाला नव्हता आणि आता तर तो मातीखाली होता. पण खोटं लिहिणं बाईंच्या हातून होणारं नव्हतं.

"फिल्ममध्ये तुझे हात रिकामेच आहेत, वेंडेल."

"फंबलच राहू दे. गाव हसतंय, हसू दे."

"ते खरं नाही. हात काढ, मला लिहू दे."

वेंडेलनं त्या ओळीवर पंजा ठेवला होता. तो त्यानं काढला नाही.

"चेंडू माझ्या हातात आलाच नव्हता," तो हळूच म्हणाला, "तर मग बाबा उठले कशासाठी, बाई?"