हात बोलले

नवऱ्याला हाक मारायला तिने हात उचलला आणि बोटं वळलीच नाहीत. मनगट सुजून टम्म झालं होतं. "पाणी दे" एवढंच म्हणायचं होतं, पण हवेत नुसताच पंजा हलला. नवऱ्याला वाटलं, माशी हाकलतेय.

दोघंही जन्मापासून बहिरे. घरातलं सगळं बोलणं हातांनी, आणि त्यात हिचे हात म्हणजे कहर. पिठाच्या हातांनी भांडायची तर भिंतीपर्यंत शिंतोडे उडायचे. "हा पट्टा एकदा सुरू झाला की थांबायचं नाव नाही," असं नवरा चिडवायचा. चिडवतानाही त्याची नजर तिच्या चेहऱ्यावर असायची. हातांनी बोलणारी माणसं हातांकडे टक लावून बघत नाहीत. राग, थट्टा, प्रश्न, सगळं चेहऱ्यावरच कळतं.

दवाखान्यात लेक मध्ये बसली. तिला ऐकू येत होतं, म्हणून कामावर सुट्टी टाकून ती आली होती.

"चिकनगुनिया," डॉक्टर म्हणाले. "डासांचा प्रताप. ताप उतरलाय, पण सांधे धरलेत. बहुतेकांचं काही आठवड्यांत जातं. काहींचं मात्र महिनोन्महिने रेंगाळतं, कधी वर्षसुद्धा. काकूंचं काय होईल, ते आत्ताच नाही सांगता येणार."

लेकीने आईच्या सुजलेल्या मनगटांकडे पाहिलं. मग लेकीचे हात म्हणाले, "डास चावून झालंय. थोड्या दिवसांत जाईल."

नवऱ्याने सुटकेचा श्वास टाकला. तिने मात्र लेकीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. डॉक्टरांचे ओठ केवढा वेळ हलत होते, शेवटी मानही हलली होती, आणि लेकीच्या हातांत एवढंसंच आलं? तिला विचारायचं होतं, आणि नाही गेलं तर? हात जेमतेम वर आले, कोपरापर्यंत कळ गेली आणि प्रश्न गुडघ्यावर पडला. लिहून विचारावं तर पेनही धरवेना. हे असंच राहिलं तर? घरात माणसं असतील, आणि ती मात्र आतून कडी लागल्यासारखी कोंडलेली. तिला दरदरून घाम फुटला.

"अशक्तपणा," डॉक्टर लेकीला म्हणाले.

घरी आल्यावर नवऱ्याने गरम पाण्यात फडकं पिळून तिचे हात शेकले. तो सुतार. खिळखिळ्या खुर्चीचा सांधा बसवावा तशा बेताने त्याने तिची बोटं एकेक करून सरळ केली. मग त्याला काय सुचलं कोण जाणे. तिचा हात हातात धरून त्याने तिच्याच छातीला टेकवला, बाहेर नेला, बोटं हळूच मिटवून उघडली. तिचे हात म्हणाले, "मी ठीक आहे."

हात ओढून घ्यावा तर जीव जाईल अशी कळ. तो मान वाकवून कामात गढला होता. पुन्हा त्याने तिची बोटं फिरवली. "मला भीती वाटत नाही."

लेक दारात उभी होती. नवऱ्याने वर पाहिलं तेव्हा तिने उडीच मारली आणि हातांनी म्हणाली, "बाबा, आई बोलली!"

तो खुलला. परत खाली वाकला आणि तेच बायकोच्या हातांकडून पुन्हा म्हणवून घेतलं, आता जरा भरभर. भीती वाटत नाही. भीती वाटत नाही.

दोघंही कौतुकाने तिच्या हातांकडे बघत होते. तिच्या चेहऱ्याकडे कुणाचीच नजर गेली नाही.